आडवा फेरा

‘बाई, सपाटीचं ठीक हाय. पर उताराला आडवं नगं,’ नाना म्हणाले आणि माझा आलेखाचा कागद त्यांनी दोन बोटांत धरून मला परत दिला.

शनिवारची सकाळ होती, नऊ वाजले असतील. आमच्या मागे दोन्ही मैदानं कापून स्वच्छ झाली होती. पुढे पाटाकडे उतरणारा लांबलचक उतार होता, सहाशे फूट लांब आणि पंचेचाळीस फूट रुंद. पावसाळ्यानंतर तिथं कोणी विळासुद्धा लावला नव्हता, त्यामुळे गवत कमरेला लागत होतं. उताराच्या पायथ्याशी सिमेंटचं अस्तर केलेला पाट होता. त्यात घोट्याएवढं पाणी आणि शेवाळ, एवढंच.

‘का नको?’ मी विचारलं.

‘ट्रॅक्टर एका अंगावर चालतो. वरलं चाक हलकं पडतं.’

‘नाना, उभं कापायचं तर एकशे तीस फेरे होतात. खाली उतरायचं, थांबायचं, तसंच मागे वर यायचं. उद्या रात्रीपर्यंतसुद्धा होणार नाही. आडवं कापलं तर दहा फेरे. यंत्रात अडकलेलं गवत काढत काढत फेऱ्याला अर्धा तास धरला तरी दुपारी तीनला आपण मोकळे.’

 नानांनी टोपी काढून डोकं खाजवलं आणि उताराकडे बघत राहिले.

ही गोष्ट एकोणीसशे त्र्याण्णवची, दिवाळीच्या सुट्टीतली. मी तेव्हा पंचवीस वर्षांची होते. पुण्याच्या दक्षिणेला डोंगराच्या पायथ्याशी शारीरिक शिक्षणाचं एक निवासी महाविद्यालय होतं, तिथं मी मैदान पर्यवेक्षक म्हणून सहा महिन्यांच्या बोलीवर लागले होते. माझ्याआधी त्या जागेवर एक निवृत्त सुभेदार होते. शेतकीची पदवी घेतलेली, साडी नेसून मैदानात उभी राहणारी बाई तिथं कोणी पाहिली नव्हती. प्राचार्य सबनीसांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, ‘मिस खोत, तुम्हाला घ्यायला माझी हरकत होती. संस्थेनं घेतलंय. आता दाखवा.’ घरी वडील म्हणाले होते, ‘नाही जमलं तर ये परत. स्थळ थांबून आहे.’ म्हणजे एका बाजूला सबनीस आणि दुसऱ्या बाजूला ते थांबलेलं स्थळ. मधे मी, आणि सोळा एकर गवत.

सोमवारी राज्यस्तरीय मैदानी स्पर्धांचं उद्घाटन होतं. पाहुणे उताराच्या वरच्या कडेला मांडवात बसणार होते. उतार तसाच गवताळ राहिला तर पाहुण्यांच्या पायाखालून साप निघतील, असं सबनीसांचं म्हणणं. सुट्टीमुळे महाविद्यालय रिकामं होतं. मुलं घरी गेलेली, माळी दिवाळीला गावाला, फोन सबनीसांच्या कुलूपबंद खोलीत. सबनीस स्वतः रविवारी संध्याकाळी पुण्याहून येणार होते. आवारात आम्ही दोघंच होतो, मी आणि यशवंत कोंढाळकर. त्यांना सगळे नाना म्हणत.

नाना पन्नाशी ओलांडलेले, अंगानं शेंगेसारखे वाळलेले. एकतीस वर्षं ट्रॅक्टरवर काढली होती त्यांनी. महाविद्यालयाचा तो लहान ट्रॅक्टर आणि त्याच्यामागे जोडलेलं साडेचार फुटी कापणीयंत्र, दोन्ही त्यांच्या हाताखालचं. मंगळवारी कापणीला सुरुवात झाली तेव्हा त्यांनी आपल्या पद्धतीनं कडेकडेनं गोल फिरत मैदानाच्या मध्याकडे जायला सुरुवात केली. मी घड्याळ घेऊन बसले. तासाभरात माझ्या लक्षात आलं की वेळेचा तिसरा हिस्सा कोपऱ्यांवर जातोय. प्रत्येक कोपऱ्यात थांबायचं, मागे घ्यायचं, सुटलेलं गवत पुन्हा धरायचं. फेरा जसजसा आत जाई तसतसे कोपरे जवळ येत आणि वळणं वाढत.

रात्री मी आलेखाचा कागद काढला. दुसऱ्या दिवशी नानांना म्हटलं, ‘आधी चारी कडांनी दोन फेरे मारून वळायला जागा करून घ्या. मग लांबीच्या बाजूनं सरळ पट्टे. आणि लगतचा पट्टा धरायचा नाही. दोन पट्टे सोडून तिसऱ्यात शिरायचं, म्हणजे मागे न घेता एका दमात वळता येतं. सोडलेले पट्टे परतताना.’

‘मदी सोडायचं?’ नाना हसले. ‘दाढी करताना असं करतो का कुणी?’

पण त्यांनी केलं. पाच तासांचं काम साडेतीन तासांत झालं. गुरुवारी दुसरं मैदान तसंच झालं. संध्याकाळी ट्रॅक्टर लावताना ते म्हणाले, ‘बाई, हे बेस हाय. एकतीस वर्सं उगा गोल फिरलो म्हनायचं.’ मला त्या शब्दांनी काय वाटलं ते सांगता येत नाही. घरी कधी कोणी माझं खरं झालं असं म्हटलं नव्हतं.

आणि म्हणून शनिवारी सकाळी त्या उतारावर माझ्या आवाजात धार आली होती.

‘नाना, आम्हाला शिकवलंय हे. उतारावर कापणी आडवीच करायची. उभं कापताना यंत्र घसरलं तर माणसाच्या पायावर येतं.’

‘ते ढकलायच्या यंत्राचं आसंल.’

‘यंत्र ते यंत्र.’

त्यांनी माझ्याकडे बघितलं. आज मला ती नजर आठवते तेव्हा त्यात राग नव्हता एवढंच नक्की सांगता येतं. मला शिकवलं होतं ते खरोखरच हातानं ढकलायच्या यंत्राबद्दल होतं. ते मला तिथल्या तिथं आठवायला हवं होतं. पण मी हातातल्या घड्याळाकडे बघितलं आणि म्हटलं, ‘भीती वाटत असेल तर राहू दे. मी सबनीस सरांना सांगते, उतार होणार नाही.’

नानांनी टोपी डोक्यावर बसवली आणि ट्रॅक्टरवर चढले.

वरचे सहा फेरे सुरळीत झाले. तिथं उतार मंद होता. सातव्या फेऱ्यापासून ट्रॅक्टर खालच्या अंगाला झुकलेला दिसायला लागला. नाना वरच्या बाजूच्या मडगार्डवर अर्धे बसून, अंग वर टाकून चालवत होते. जेवायची सुट्टी झाली तेव्हा त्यांनी भाकरी घेतली ती बसून नाही, ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून उभ्यानंच खाल्ली. मी म्हटलं, ‘नाना, आता तीनच फेरे.’ ते म्हणाले, ‘व्हय, मोजतोय.’

नववा फेरा निम्म्यावर आला होता. मी वरच्या कडेला चालत त्यांच्याबरोबर निघाले होते. गवतात एक धोंडा होता, टोपलीएवढा. वरचं मागलं चाक त्यावर चढलं. ट्रॅक्टर फार हळू कलला. इतका हळू की मला वाटलं तो पुन्हा बसेल. नानांनी स्टीअरिंग खाली वळवलं, तोंड उताराला करायला, आणि तेवढ्यात तो गेला. एकदा पूर्ण उलटला, पाटाच्या काठावर आपटला आणि आत जाऊन आडवा पडला. इंजिन दोन आचके देऊन बंद पडलं. एक चाक वर फिरत राहिलं.

मी कशी खाली आले ते मला माहीत नाही. माझे गुडघे फुटले होते ते संध्याकाळी कळलं.

नाना पाटाच्या तिरक्या अस्तरावर पाठ टेकून बसल्यासारखे होते. डावा पाय मांडीपासून खाली मडगार्डाखाली. घोट्याएवढ्या पाण्यात डिझेलचा तवंग पसरत होता.

‘जित्ता हाय,’ ते म्हणाले. ‘वरडू नगा.’

मी ओरडत होते हे मला तेव्हा समजलं.

मी मडगार्डाला खांदा लावला. ट्रॅक्टर जागचा हलला नाही. कुंपणाचा एक खांब उपटून आणला आणि त्याची पहार करून बघितली. खांब मधोमध मोडला. शेवटी दोन दगड आणून मडगार्डाखाली सरकवले, म्हणजे निदान तो आणखी बसू नये. नाना दात आवळून बघत होते. मग त्यांनी एकदम विचारलं, ‘किती वाजलं?’

‘अडीच.’

‘आज शनवार न्हवं?’

आणि मला आठवलं. शुक्रवारी पाटकरी सायकलवरून येऊन सांगून गेला होता. पाटाच्या दारावरचा माणूस तो, शिवराम नावाचा. शनिवारी चारला रब्बीचं पाणी सोडणार, पाटात गुरं उतरवू नका. पाट भरून वाहायला लागला की पाणी नाना बसले होते तिथं त्यांच्या डोक्यावरून जाणार होतं. अस्तरावर गेल्या वर्षीच्या पाण्याची काळी रेघ होती. ती मला त्यांच्या कपाळाच्या वीतभर वर दिसत होती.

‘दीड तास आहे,’ मी म्हटलं. ‘मी गावात जाऊन माणसं आणते.’

‘गाव नदीपल्याड. जाऊन येईस्तवर पाणी येतंय. दारावर जावा. शिवरामला म्हनावं सोडू नगं. त्याच्याकडं पहारी बी हायत, माणसं बी असतील.’

‘तुम्हाला एकटं टाकून?’

‘मग काय दोघं बसू?’

दार वरच्या अंगाला पावणेदोन किलोमीटरवर होतं. मी शेडमधून सायकल काढली आणि पाटाच्या काठच्या पाऊलवाटेनं निघाले. साडी गुडघ्यापर्यंत खोचली होती. वाट दगडाधोंड्यांची, एका बाजूला बाभळी, दुसऱ्या बाजूला रिकामा पाट. मी सारखी मनात हिशोब करत होते. जायला दहा मिनिटं, यायला दहा, माणसं जमवायला पाच. मंगळवारपासून मी दुसरं काही केलंच नव्हतं, मिनिटं मोजण्याशिवाय.

अर्ध्या वाटेवर मला पाणी भेटलं.

आधी आवाज आला, सुक्या पाल्यातून काहीतरी सरपटत यावं तसा. मग वळणावरून ते दिसलं. काडीकचरा, फेस आणि एक फुटकी चप्पल पुढे ढकलत ते माणसाच्या चालीनं येत होतं. फार नव्हतं, पोटरीएवढं असेल. शिवरामनं ठरल्या वेळेच्या दीड तास आधीच दार उघडलं होतं.

मी सायकल थांबवली. पाणी माझ्या शेजारून पुढे गेलं, नानांच्या दिशेनं, आणि मी नुसती बघत उभी राहिले.

मागे गेले तर त्यांच्याजवळ असेन. त्यांचं डोकं धरता येईल. पण पाणी वाढतच राहील आणि शेवटी मी त्यांचं डोकं धरून त्यांना बुडताना बघेन. पुढे गेले तर दार बंद होईल, पण पाटात आधीच आलेलं पाणी थांबणार नव्हतं. ते किती चढेल ते मला ठाऊक नव्हतं. परत येईपर्यंत नाना एकटे, पाय अडकलेला, आणि ते पाणी वळणावरून येताना ते बघणार. त्यांना वाटणार, बाई पोचली नाही. किंवा वाटणार, बाई पळाली.

मी पुढे गेले. आजही कोणी विचारलं की का, तर मला एकच उत्तर देता येतं. मागे जायची मला भीती वाटली.

दारावर शिवराम चिलीम ओढत बसला होता. मी काय बोलले ते त्याला आधी कळेना. कळलं तेव्हा तो चिलीम टाकून उठला आणि लोखंडी हँडलला भिडला. ‘साहेबांनी येळ अलीकडं घेतली हो,’ तो फिरवता फिरवता म्हणत होता, ‘शेवटच्या गावाला उजेडात पाणी पोचावं म्हून. माझ्या मनानं न्हाई सोडलं.’ हँडलचे सत्तरएक फेरे होते. दार इंचाइंचानं खाली उतरत होतं. मी त्याच्यासमोर उभी राहून दुसऱ्या बाजूनं हँडल ओढत होते आणि मीच त्यांना आडवं कापायला लावलं, असं बडबडत होते. तळहाताची साल निघाली. दार बसलं तेव्हा तो म्हणाला, ‘तुमी व्हा पुढं. मी पलीकडच्या मळ्यातली माणसं घेऊन येतो.’

परतीच्या वाटेवर पाणी माझ्याबरोबर चाललं होतं. पाट काठोकाठ नव्हता, पण कमरेच्या वर होता.

मी पोचले तेव्हा नानांचं तोंड वर होतं, आभाळाकडे. पाणी हनुवटीला लागलं होतं. ट्रॅक्टर आडवा पडल्यामुळे तिथं पाणी तुंबत होतं आणि वरून आलेला पालापाचोळा त्यांच्या गळ्याभोवती जमला होता. त्यांनी कोपरं मागे अस्तरावर रोवून अंग जितकं वर उचलता येईल तितकं उचललं होतं. दोन्ही दंड थरथरत होते.

मी पाण्यात उतरले, त्यांच्या मागे अस्तरावर बसले आणि त्यांच्या काखांत हात घालून त्यांना माझ्यावर टेकवून घेतलं. पाणी इतकं गार होतं की श्वास छातीतच थांबला.

‘दार पडलं?’ त्यांनी विचारलं.

‘पडलं. शिवराम येतोय.’

‘मग आता हे कवा थांबंल?’

‘थांबेल.’

ते थांबलं नव्हतं. मी त्यांच्या मिशीकडे बघत होते. पाण्याची कड मिशीच्या खाली होती, मग मिशीला लागली. एक लाट नाकात गेली, ते खोकले आणि त्या खोकण्यानं पाय ओढला गेला तेव्हा त्यांच्या तोंडून जो आवाज आला तसा आवाज मी पुन्हा कधी माणसाच्या तोंडून ऐकला नाही. मी त्यांचं डोकं दोन्ही हातांनी मागे ओढून वर धरलं. माझेही पाय आता निसरड्या अस्तरावर टिकत नव्हते. मी घसरले तर आम्ही दोघंही खाली जाणार होतो, आणि मी हलले तर ते.

‘नाना,’ मी म्हटलं, ‘माझी चूक झाली. तुम्ही सांगत होता. मी ऐकलं नाही.’

‘गप बसा.’

‘मी सगळ्यांना सांगेन. मीच सांगितलं होतं आडवं—’

‘बाई, गप बसा म्हनलं न्हवं!’ पाण्यात आणि तशा अवस्थेत ते माझ्यावर ओरडले. ‘डोस्कं धरा नुसतं.’

मी डोकं धरलं. किती वेळ ते सांगता येत नाही. घड्याळात पाणी जाऊन ते तीन वाजून बावीस मिनिटांवर बंद पडलं होतं. केव्हातरी मला दिसलं की मिशीची टोकं पाण्याबाहेर आली आहेत. मला खरं वाटेना. मग हनुवटी दिसली. तेवढ्यात वरून शिवरामची हाक आली. पहारी, दोर आणि मळ्यातले पाच जण. त्यांनी मडगार्ड उचललं तेव्हा नाना शुद्धीवर नव्हते.

पुण्याच्या इस्पितळात त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली काढला.

स्पर्धा सोमवारी झाल्या. उतारावर नऊ पट्टे कापलेले होते आणि शेवटचा पट्टा मधेच मोडला होता. पाहुण्यांपैकी कोणी त्याबद्दल विचारल्याचं मला आठवत नाही.

फेब्रुवारीत संस्थेनं चौकशी नेमली. सबनीसांच्या खोलीत तीन गृहस्थ टेबलापलीकडे बसले होते. नाना कुबड्या घेऊन आले. त्यांना खुर्ची दिली होती. मी माझा जबाब आदल्या रात्री लिहून काढला होता, चार वेळा. तो मी उभी राहून वाचला. उतारावर आडवी कापणी करण्याचा निर्णय माझा होता. चालकानं स्पष्ट नकार दिला होता. मी त्याला भित्रा म्हणून डिवचलं. पुराव्यासाठी मी आलेखाचा कागद टेबलावर ठेवला. त्यावर उतार होता, दहा आडव्या रेघा होत्या, बाण होते, मिनिटं होती, माझ्या अक्षरात.

 सबनीस खिडकीबाहेर बघत होते.

मधले गृहस्थ म्हणाले, ‘कोंढाळकर, बाई म्हणतात ते खरं का?’

‘न्हाई,’ नाना म्हणाले.

मी त्यांच्याकडे वळून बघितलं. ते माझ्याकडे बघत नव्हते.

‘बाईंनी मला उभं कापायला सांगितलं हुतं. म्याच आडवा घातला. काम लवकर आटपावं म्हून.’

‘मग हा कागद?’

‘मला लिहिता वाचता येत न्हाई, साहेब. त्या कागदावर काय हाय मला काय ठावं? बाई कागद करत्यात, म्या ट्रॅक्टर चालवतो.’

‘नाना, असं काय करता!’ मी म्हटलं.

‘मिस खोत, बसा,’ सबनीस म्हणाले. त्यांच्या आवाजात मी कधी ऐकला नव्हता असा मऊपणा होता. ‘तुम्हाला धक्का बसलाय. सहानुभूतीपोटी माणूस असं बोलतो. समितीच्या लक्षात येतंय ते.’

आणि समितीच्या लक्षात आलं. चालकाचा स्वतःचा हलगर्जीपणा, असा निकाल लागला. एकतीस वर्षांच्या नोकरीचा विचार करून नानांना कामावरून काढलं नाही, फाटकावर पहारेकरी म्हणून बसवायचं ठरलं. अपघाताच्या वेळी दाखवलेल्या प्रसंगावधानाबद्दल मला मात्र कायम करण्यात आलं. पत्रात तेच शब्द होते. ती नोकरी मी पुढे सत्तावीस वर्षं केली.

पत्र मिळालं त्या रविवारी मी नदीपलीकडे नानांच्या घरी गेले. ते ओसरीवर भिंतीला टेकून बसले होते, पायावर गोधडी टाकून. त्यांच्या पत्नी, काकू, आत चुलीपाशी होत्या. मी पत्र त्यांच्यापुढे ठेवलं. मग त्यांना वाचता येत नाही हे आठवून मी ते वाचून दाखवलं.

‘झ्याक झालं,’ ते म्हणाले.

‘हे मला नकोय, नाना. तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात. मी पुन्हा अर्ज करते. शिवरामला साक्षीला बोलावते, मी त्या दिवशी त्याच्यासमोर सगळं बोलले होते.’

‘तुमच्यासाटी?’ त्यांनी मान वळवून माझ्याकडे नीट बघितलं. ‘तुमच्यासाटी कोन बोललं?’

मी पत्र पुन्हा हातात घेतलं.

‘बाई, त्यो उतार मला ठावा हुता. ट्रॅक्टर कलंल ते ठावं हुतं. दहा येळा त्या गवतात गेलोय म्या, धोंडा बी ठावा हुता, फक्त कुठं हाय ते इसरलो. तरी चढलो. का चढलो? दोनदा तुमचं खरं झालं हुतं. वाटलं, ही पोरगी म्हनंल म्हातारा भ्याला. म्हून चढलो. माज्या पायानं चढलो.’ ते थांबले. गोधडीवर त्यांचा हात उगीचच फिरत होता. ‘आता तुमी साहेबांना सांगणार, मी सांगितलं म्हून चढला. मंग म्या कोन? बैल? कासरा वढला की वळायचं?’

‘पण मी सांगितलंच होतं, नाना.’

‘सांगितलं आसंल. सांगणारे लई असत्यात. ऐकायचं का न्हाई ते माजं हुतं. पाय तर गेलाच माजा. आता चूक बी तुमी घेऊन चाललाय?’

ओसरीच्या कडेला कोंबड्या काहीतरी टिपत होत्या. मी खाली मान घालून बसले. इतके दिवस मी स्वतःला समजावत होते की हा माणूस मोठ्या मनाचा आहे, त्यानं माझ्यासाठी त्याग केला, मी त्याची परतफेड करीन. तसं असतं तर फार सोपं झालं असतं. परतफेड करता आली असती, नाहीतर माफी मागता आली असती. त्यांनी मला दोन्हीला जागा ठेवली नव्हती.

‘मग मी काय करू?’ मी विचारलं. माझा आवाज मलाच लहान मुलीसारखा वाटला.

‘ते मला काय ठावं?’ नाना म्हणाले. रागानं नाही, कंटाळल्यासारखे. ‘तुमचं तुमी बगा.’

मी पत्र घडी करून पर्समध्ये ठेवलं आणि उठले. तेवढ्यात काकू आतून बाहेर आल्या. त्यांच्या हातात कपबशी होती. त्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि चहा घेतल्याशिवाय त्यांनी मला ओसरीवरून हलू दिलं नाही.